खारीच्या कारखान्यातली चौकशी

वडप्याच्या आमच्या खारीच्या कारखान्यात शांताबाईंनी हबीबाच्या डोक्यात रिकामा ट्रे घातला आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर केसरीनाथ चौकशीला बसले. त्यांचा नियम साधा होता. ज्याने पहिला हात उचलला, त्याची नोकरी गेली.

शांताबाईंच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. तरी बाई ताठ उभी. "मीच मारला. इचारता काय?"

"कशावरून?"

"पंख्याखालच्या जागेवरून."

पाकिटं भरणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांना खरं ठाऊक होतं, पण मध्ये पडायचं कोणी?

शेवटी हबीबाच बोलली. कपाळावर हे एवढं टेंगूळ. ती गप्प बसली असती तर तिला कोणी काही म्हणालं नसतं. "साहेब, अगोदर मी यांचं स्टूल ओढलं. बसायला गेल्या नि आपटल्या. सगळे हसले, मी पण हसले."

शांताबाईंनी मान खाली घातली. नोकरी गेलेली चालली असती त्यांना, पण आपण पडलो नि लोक हसले, हे सांगायचं नव्हतं.

केसरीनाथांना पटेना. "एवढ्यावरून कोणी ट्रे मारतं? कसं ओढलंस ते दाखव. शांताबाई, बसा."

"मी न्हाय आता परत पडनार!"

"बरं, मी बसतो."

हबीबा घुटमळली. "खरंच ओढू?"

"ओढ गं! चौकशी चाललीये."

तिने ओढलं. साहेब धाडकन फरशीवर, डोक्यावरची जाळीची टोपी नाकावर. ओव्हनवरचा तनवीर फिस्सकन हसला आणि मग अख्खा हॉल सुटला. शांताबाई पोट धरून हसत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, खोटं कशाला बोलू?

साहेब उठले. कान लालबुंद. आम्ही बघतोय तोवर त्यांनी टेबलावरचा ट्रे उचललासुद्धा.

हसू गपकन थांबलं. साहेब हातातल्या ट्रेकडे बघत राहिले. तो हातात कधी आला, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"मारा साहेब," हबीबाने डोकं पुढे केलं, "पण दुसऱ्या बाजूला. या बाजूला शांताबाईंचा नंबर लागलाय."

मग साहेबच असे हसले की खाली बसावं लागलं. "जा, कोणाची नोकरी जात नाही. आता एकमेकींची माफी मागा."

माफी कसली मागतात शांताबाई! त्यांनी टेंगळावर अलगद तळवा ठेवला. "लय दुखतंय का गं?"

"मला नाय," हबीबा म्हणाली, "साहेबांना विचारा."