पांढरीचा दम

बायको गाडीत बसायला तयार नाही आणि नवरा गाडी विकायला तयार नाही, असं सुदेशच्या घरात वर्षभर चाललं होतं.

गाडी जुनीच घेतलेली. नाव पांढरी. नर्मदा लग्न होऊन दुबईला आली ती एअरपोर्टवरून हिच्यातूनच, आणि लेक मनालीला हॉस्पिटलातून घरी आणलं तेही हिच्यातूनच. आता अशी गाडी कुणी विकतं का, तुम्हीच सांगा. पण गेल्या उन्हाळ्यात अल ऐनला जबल हफीत डोंगराच्या चढावर, एसी चालू असताना, पांढरीनं मान टाकली. ओळखीची माणसं काचा खाली करून चौकशी करत पुढे गेली आणि नर्मदा नव्या साडीत डांबरावरून चालत वर गेली. त्या दिवसापासून तिनं धोशाच लावला, हे धूड विका.

शेवटी तह झाला. दसऱ्याला एसी चालू ठेवून, वाटेत कुठेही न थांबता पांढरी माथ्यावर पोचली तर राहील. थांबली, तर शनिवारी शारजाहून गिऱ्हाईक येईल आणि घेऊन जाईल. खलास.

सुदेश अल क्वोजला एसीचे डक्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत सुपरवायझर होता. हवा कशी न्यायची हे सांगण्यातच त्याचा जन्म चालला होता. त्यानं बॉनेट उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. इंजिन हवा घेत होतं ती बॉनेटच्या आतलीच, तापून विरळ झालेली, आणि तीही दोन काटकोनी वळणं घेऊन आलेली. असला डक्ट माझ्याकडे कुणी केला असता तर त्याला घरी पाठवला असता, असं तो तावातावानं सांगायचा. नर्मदा मेथी निवडत नुसतं हं म्हणायची.

मग रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये खटपट. इंजिनाला हवा नेणारा पहिला पाईप चांगला ऐसपैस केला, तर गाडी सिग्नलवरून हलायलाच कुरकुर करू लागली. दुसरा पंख्याला घासला. तिसरा मात्र जमला. ॲल्युमिनियमचा, आतून गुळगुळीत, एकच लांब बाक, आणि तोंड हेडलाईटच्या शेजारी जाळी कापून बाहेरच्या गार हवेत काढलेलं. फिल्टरच्या डब्याला गरम लागू नये म्हणून डक्टचंच इन्सुलेशन गुंडाळलं. इंजिन चालू करून, पाईपाच्या तोंडाशी उदबत्ती धरून त्यानं नर्मदेला मुद्दाम खाली बोलावलं. धूर सरळ आत ओढला जात होता.

देवापुढची उदबत्ती इंजिनाला कसली ओवाळता, म्हणून ती करवादली. पण धूर संपेपर्यंत तिथेच उभी राहिली.

दसरा शुक्रवारी आला. बर दुबईच्या देवळाजवळून झेंडू आणला, नर्मदेनं पांढरीला हळदकुंकू लावलं, बॉनेटवर मोठा हार घातला. निघताना सुदेशनं तो उडून जायला नको म्हणून काढून घरात ठेवला आणि तिघं निघाले.

अल ऐनपर्यंत गाडी पाण्यासारखी गेली. चढ लागला तरी आवाज बदलला नाही. एसी गार, सुदेश मनातल्या मनात शारजाच्या गिऱ्हाइकाला टाटा करत होता. आणि अर्ध्या घाटात पांढरीला धाप लागली. त्यानं गिअर उतरवला, पाय दाबला, काही उपयोग झाला नाही. कडेला घेता घेता ती बंदच पडली.

"बाबा, आर वी वॉकिंग अगेन?" मागून मनालीनं विचारलं.

सुदेश उतरला. हरलो तर हरलो, पण चुकलं कुठे ते तरी बघू, म्हणून त्यानं फिल्टरचा डबा उघडला. आत झेंडूच झेंडू. पाकळ्यांचा लगदा फिल्टरला लिंपून बसला होता आणि त्यात एक हिरवा दोरा, दोन गाठींचा. नर्मदेच्या शिवणाच्या डब्यातला.

म्हणजे मोठ्या हाराखेरीज एक छोटा हार होता, पाईपाच्या तोंडात बांधलेला. वाऱ्यानं आणि ओढीनं तो सगळाच आत गेला होता. त्याला संताप आला. ओला दोरा हातात घेऊन तो वळला, तर नर्मदा मागेच उभी होती आणि तिचे डोळे भरले होते.

"तिथं कशाला बांधलास?"

"बाकीची गाडी कंपनीची," ती म्हणाली. "तुम्ही केलेलं तेवढंच होतं. त्याचीच पूजा केली."

सुदेशचा राग गेला कुठे ते त्यालाच कळलं नाही. इतके दिवस मेथीकडे बघत हं म्हणणारी ही बाई. त्यानं फिल्टर झटकला, पाईप पुसला, डबा बंद केला. किल्ली फिरवली तशी पांढरी पहिल्याच हाकेला उठली आणि एसी चालू ठेवून थेट माथ्यावर जाऊन उभी राहिली.

वर वारा छान होता. खाली अल ऐनचे दिवे लागत होते. सुदेशला मात्र तह आठवत होता. शब्द म्हणजे शब्द. गाडी वाटेत थांबली होती.

"शनिवारी त्या शारजावाल्याला किती वाजता बोलावू?" त्यानं विचारलं.

नर्मदेनं डबा उघडून त्याच्या हातात पुरणपोळी ठेवली.

"कशाला? गाडी कुठे थांबली? मी थांबवली," ती म्हणाली आणि परतीसाठी पुढच्या सीटवर जाऊन बसली.