‘मुरमाड’मधलं चौथं गाणं

पोस्टरवर ‘डेव्ह’ आणि यवतमाळात देवराव, अशी दोन नावं बाळगून ज्या माणसाने उभी जवानी रॉक वाजवण्यात घालवली, त्याचा स्वतःचा पहिला अल्बम साठी उलटल्यावर येणार म्हटल्यावर जुन्या मित्रांनी त्याची यथेच्छ थट्टा केली. या वयात लोक गुडघ्याला पट्टा बांधतात, हा गिटारला बांधतो, म्हणाले. देवराव हसला. त्याला थट्टेचं काही वाटत नव्हतं. त्याला फक्त ममताने तो अल्बम ऐकायला हवा होता.

ममता त्याची बायको. तरुणपणी त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला ती पहिल्या रांगेत असायची. मग त्याला अपघात झाला, त्याच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट तळव्याकडे वळून कायमचं आखडलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी ती कोमट तिळाच्या तेलाची वाटी घेऊन ते बोट चोळत बसायची. उरलेल्या बोटांनी तो वाजवत राहिला. पण त्याने गिटार हाती घेतली की ती उठून स्वयंपाकघरात जायची. का, हे त्याने कधी विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत, बंद पडलेल्या दालमिलच्या गाळ्यात राजदीप नावाच्या तरुणाने स्टुडिओ थाटला होता. देवरावचा ‘मुरमाड’ हा अल्बम तिथेच रेकॉर्ड झाला. चौथ्या गाण्यात गिटारचा एक लांबलचक तुकडा होता, अपघाताआधी बांधलेला, चारही बोटांचा. तो गाळायचा असं ठरलेलं होतं. पण त्या दुपारी देवरावने सहज डोळे मिटले, हात तारांवर गेला आणि तो तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सूर न सांडता वाजला. त्याने डोळे उघडले तर बोट सरळ होतं. एवढा मोठा माणूस, पण तो अक्षरशः ढसाढसा रडला.

काचेपलीकडे राजदीप आपला डावा हात चोळत होता.

“एसीनं बोट अकडलं वाटते, सर,” तो म्हणाला. “पण काय वाजवलं हो तुमी!”

घरी ममताने ते सरळ बोट कितीतरी वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. मग तिने तेलाची वाटी घासून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला लेकीच्या बाळंतपणाला अमरावतीला जायचं होतं. “मोबाइलवर नाही आयकत मी,” जाताना ती म्हणाली. “घरी येऊन तुमच्यासमोर बसून आयकीन.”

अल्बम आला आणि गाजला. नागपूरच्या एका वर्तमानपत्राने अर्धं पान दिलं. पोरं चौथ्या गाण्यातला तो तुकडा रीलला लावू लागली. उमरखेडच्या स्टँडवर मोबाइलचं दुकान चालवणारा विक्की सेल्फीसाठी धावत आला, तेव्हा त्याच्या डाव्या हाताचं एक बोट तळव्याशी दुमडलेलं होतं.

“हे कधीपासून?” देवरावने विचारलं.

“झाले असतीन आठ-दहा दिवस. थंडीनं असन, सर.”

“चौथं गाणं ऐकतोस?”

“म्हंजे काय! दिवसभर तेच लावून राह्यलो दुकानात.”

महागावला देवरावचा सत्कार झाला. टाळ्या जोरात होत्या, पण गोधडीआडून याव्यात तशा दबक्या. देवरावने पहिल्या रांगेकडे पाहिलं, मग दुसऱ्या. माणसं खुशीत टाळ्या वाजवत होती. प्रत्येकाच्या डाव्या हाताचं तेच एक बोट दुमडलेलं होतं, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

परतीच्या एसटीतून त्याने राजदीपला फोन लावला. “अल्बम काढून टाक. सगळीकडून.”

“काहून सर? इतका चालून राह्यला!” राजदीपने कॉम्प्युटर चालू केला. “बरं. आत्ताच काढू?”

देवरावने खिडकीच्या गजावर ठेवलेल्या आपल्या बोटाकडे पाहिलं. रविवारी ममता परत येणार होती.

“रविवारनंतर,” तो म्हणाला.

रविवारी दुपारी ममता आंघोळ करून, नीट पदर घेऊन त्याच्यासमोर बसली. पहिली तीन गाणी तिने मान खाली घालून ऐकली. चौथं गाळता आलं असतं. त्याचा अंगठा मोबाइलवर गेलाही होता. पण तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पूर्वी पहिल्या रांगेतून पाहायची तसं, आणि त्याने अंगठा उचलला. तुकडा सुरू झाला. ती उठून स्वयंपाकघरात गेली नाही. संपल्यावर तिने डोळे पुसले. “आता मेले तरी चालते,” ती म्हणाली. इतकं सुख त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं.

राजदीपला फोन करायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

सोमवारी संध्याकाळी तो ओसरीवर बसला होता. आत भांड्यांचा आवाज झाला, कपाट उघडलं, मग गॅस पेटल्याचा आवाज आला. ममता बाहेर आली. तिने कोमट तेलाची वाटी त्याच्यापुढे ठेवली, शेजारी बसली आणि आपला डावा हात हळूच त्याच्या मांडीवर ठेवला.

“आज तुमी चोळा,” ती म्हणाली.