जवळ्यातला तंबू

पुष्पलतानं खराट्याच्या बुडानं त्या निळ्या कापडाला हळूच ढोसलं आणि दोन पावलं मागं सरली. कापड हललं. आत कुणीतरी झोपेतच खोकलं आणि पुन्हा गप्प झालं.

"अगो बाय माझे!" ती स्वतःशीच म्हणाली.

नुकतं उजाडत होतं. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या आणि बायका टोपल्या घेऊन खाली उतरत होत्या. आणि नेमका आजच, तिच्या खळ्याच्या मधोमध, हा तंबू उभा. अख्खा किनारा मोकळा पडलेला असताना या बाबाला झोपायला दुसरी जागा सापडू नये म्हणजे कमालच झाली! पण खरं बोलायचं तर बाबाची त्यात काही चूक नव्हती. मासळी सुकवायची सगळी खळी उताराची, खडबडीत. एकट्या पुष्पलताचं खळं सपाट, सारवलेलं, घरच्या ओटीसारखं. अंधारात चाचपडत आलेला माणूस अंग टाकणार तर इथंच टाकणार.

नवरा महादू गेला, होडी दिराकडे गेली, तरी पुष्पलतानं खळं सोडलं नव्हतं. किनाऱ्यावरून नखाएवढ्या कोळंबीचा जवळा विकत घ्यायचा, इथं सुकवायचा आणि बोईसर-पालघरच्या बाजारात जाऊन बसायचं. खळ्याचा कागद कुणाकडेच नव्हता. जमीन गावाची. ज्या घरचा खराटा जिथं फिरतो ते खळं त्या घरचं. एकदा का तो खराटा आपल्या हातानं दुसऱ्याला दिला की खळं गेलं. मग परत मागायची रीत नव्हती.

आणि आज तिला तो द्यायचा होता. पावसाळ्यात एका रात्री ती मोरीत घसरून पडली होती आणि सकाळपर्यंत तशीच पडून राहिली होती. हाड मोडलं नाही, पण मुलानं, कमलाकांतनं, त्या दिवसापासून धसका घेतला. तो बोईसरच्या कारखान्यात कामाला, राहायला सालवडच्या खोलीत. सून हंसा गुणाची. तिनं सासूसाठी खिडकीजवळची जागा रिकामी केली होती, देवांना फळी ठोकून घेतली होती. नाही म्हणायला कारणच उरलं नव्हतं, म्हणून पुष्पलतानं हो म्हटलं होतं. दुपारी मुलगा टेंपो घेऊन येणार होता. खळं धाकट्या जावेला, जमुनाला द्यायचं ठरलं होतं.

जमुना डोक्यावर ओली टोपली घेऊन तरातरा आली आणि तंबू बघून जागच्या जागी थांबली.

"ह्ये काय गो बाय?"

"तंबू हाय."

"डोळे हायत मला. तुज्या खळ्यात काय करतो तो?"

"झोपलाय."

"मग उठव त्याला!"

"झोपल्या माणसाला कसं उठवायचं? दमून आला असंल."

"आणि माजा जवळा कुटं सुकवू? डोक्यावर?"

जमुनाचंही खोटं नव्हतं. होडीला जवळा भरभरून लागला होता, तिचं स्वतःचं खळं अरुंद, आणि जवळा काही कुणासाठी थांबत नाही. ऊन चढायच्या आत पसरला नाही तर मातेरं. तिनं हात पुढं केला.

"दे तो खराटा."

"कमळू येऊं दे. त्याच्यासमोर देते."

पुष्पलताचा आवाज बारीक झाला होता. जमुनानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि टोपली ओतली. राग आला की तिचे हात झपाट्यानं चालत. बघता बघता तिनं टोपलीमागून टोपली आणून खळंभर जवळा पसरला, थेट तंबूच्या कडेपर्यंत. चारी बाजूंनी ओला, गुलाबी, चमचमता जवळा आणि मध्ये निळा तंबू.

ऊन वर आलं तसा तंबू चर्रर्र करून उघडला आणि आतून एक पांढऱ्या केसांचं डोकं बाहेर आलं. बाबा नव्हता, बाई होती. गोरी मडम. आणि वयानं पुष्पलताएवढी, कदाचित दोन-चार पावसाळे जास्तच बघितलेली. तिनं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग एक उघडा पाय बाहेर काढला.

"ए ए ए ए!" सगळ्या खळ्यांवरच्या बायका एका सुरात ओरडल्या.

पाय आत गेला. थोड्या वेळानं डोकं पुन्हा बाहेर आलं. मडम हसली, हात हलवला, जवळ्याकडे बोट दाखवून काहीतरी कौतुकाचं बोलली. बायकांनीही हात हलवले. असं दोन-तीनदा झालं. हळूहळू मडमचं हसू आखडत गेलं, ती गुडघे जवळ घेऊन बसली आणि लांब सुरूच्या बनाकडे आशेनं बघू लागली.

पुष्पलताच्या लक्षात आलं. "जमुने, तिला जायचंय गो."

"कुटं?"

"कुटं म्हंजे? सकाळी उठून माणूस कुटं जातं?"

"अगो आई!" जमुनानं कपाळाला हात लावला. "मग आता?"

पुष्पलतानं पदर खोचला, खराटा उचलला आणि तंबूपर्यंत पाऊलभर रुंदीची वाट झाडत निघाली.

"बाय, माजा जवळा!"

"तुजा जवळा कुटं पळून जात नाय. हिची अडचण थांबायची नाय."

मडमनं हात जोडले आणि दोन्ही हात पसरून, एकेक पाऊल तोलत ती त्या वाटेनं निघाली. निम्मी वाट आली तेवढ्यात तिचा पाय ओल्यावर सरकला. ती आडवी पडली ती थेट जवळ्यात, पाठीवर. मग जवळा-बिवळा विसरून जमुना धावली, पुष्पलता धावली, आणि दोघींनी काखेत हात घालून तिला उभी केली. तिच्या केसांत जवळा, कानांत जवळा, सदऱ्याच्या खिशात जवळा. आधी हसली ती स्वतः मडमच. मग जमुना अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसतच तिनं मडमचा हात धरला आणि तिला सुरूच्या बनाकडे पळवत नेली.

मग पुष्पलतानं पाहुणीला घरी आणली. चुलीवर पाणी तापवलं, आंघोळ घातली, कपडे खळबळून वाळत टाकले. दोरीवरचं जुनं लुगडं बघून मडमला भारी हौस आली, म्हणून ते नेसवलं. उंच बाई, लुगडं आखूड. नडग्या उघड्या टाकून ती ओटीवरच्या पत्र्याच्या पेटीवर बसली आणि तिनं तांदळाची भाकरी न् बोंबलाचं कालवण नाक पुसत पुसत खाल्लं. तिखटानं लाल झाली, पण ताट चाटूनपुसून साफ केलं.

जेवण झाल्यावर तिचं लक्ष पेटीला बांधलेल्या सुंभाकडे गेलं. पेटीवर बोट, मग पुष्पलतावर बोट, मग लांब कुठंतरी हात. तू पण निघालीस?

"सालवडला," पुष्पलता म्हणाली. "पोराकडं. कायमची."

मडमला यातलं काय कळणार? बाई प्रवासाला निघाली एवढंच तिला उमगलं. तिनं आनंदानं टाळी वाजवली आणि खळ्यावर राहिलेल्या आपल्या पिशवीच्या दिशेनं बोट दाखवून पाठीवर ओझं घेतल्याची नक्कल केली. आणि मग, इतके दिवस न आलेलं रडू पुष्पलताला आलं. तिला खळं सोडवत नव्हतं, आणि हे सांगायचं तरी कुणाला? मुलाला सांगावं तर त्याला वाईट वाटणार. मडमची टाळी हवेतच थांबली. तिनं जवळ सरकून पुष्पलताचा खरखरीत हात आपल्या हातात घेतला.

दुपारी कमलाकांत आला. आधी त्यानं न् ड्रायव्हरनं पेटी टेंपोत चढवली, मग तो आईला हाक मारायला खळ्यावर गेला. बघतो तर आईचं लुगडं नेसलेली एक मडम ओरडत कावळ्यांच्या मागं लागलेली आणि काकी तिला कुठला कावळा हाकायचा ते दाखवतेय.

"आये, ही कोण?"

"पाहुणी."

"कुणाची?"

"खळ्याची."

सायबाशी बोलून बोलून कमलाकांतला कामापुरतं इंग्रजी येत होतं. त्यानं चौकशी केली. बाई हॉलंडची. नवरा वारलेला, दोन मुलं. वर्षभर पिशवी पाठीवर टाकून एकटी फिरतेय. जायचं होतं डहाणूला, पण बोईसरला सगळा डबा रिकामा झाला म्हणून हीही उतरली. समुद्र कुठंय विचारलं, तर कुणीतरी शेवटच्या यष्टीत बसवून दिलं. आज डहाणूची गाडी पकडायची आहे.

"विचार तिला," पुष्पलता म्हणाली, "या वयात एकटी हिंडते, पोरं काय बोलत नायत?"

कमलाकांतनं विचारलं आणि उत्तर ऐकून त्याला हसू फुटलं. "खूप बोलतात म्हणते. म्हणून फोन करत नाय, कार्ड पाठवते."

जमुना खुदकन हसली. कमलाकांतनं मग आपल्या मनानंच मडमला आणखी काहीतरी विचारलं. यावेळी तो हसत नव्हता. मडमनं उत्तर देताना आधी वाटेकडे बोट केलं, मग पुष्पलताकडे, मग जमुनाकडे. कमलाकांत वाळूकडे बघत राहिला.

"काय म्हणाली?"

"काय नाय. चल, टेंपोवाला खोळंबलाय."

"कमळू. काय म्हणाली?"

"मी विचारलं, एकटी हायस, कुटं पडलीस-झडलीस तर? म्हणते, सकाळीच पडले. या दोघींनी उचललं."

पुष्पलतानं खराट्यावरची वाळू झटकली आणि तो जमुनापुढं धरला.

"आता आला कमळू. घे."

जमुना खाली बसून जवळा उलटत होती. तिनं मान वर केली नाही.

"माज्या हाताला जवळा लागलाय, दिसत नाय?"

"पूस आणि घे."

"बाय, ठेव तो बाजूला." जमुना उठली आणि कमलाकांतकडे वळली. "आजपास्नं रातची मी हिच्याकडं झोपंन. तुजा काका असा घोरतो, तसाबी माजा डोळा लागत नाय."

"काकी, तसं नाय गो. पावसात ही रातभर पडून होती..."

"ठाऊक हाय मला," जमुना म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "समोरच दार माजं."

कमलाकांत आईकडे बघत उभा राहिला. पुष्पलतानं दोन्ही हातांनी खराटा उराशी धरला होता.

"हंसानं फळी ठोकलीय तुज्या देवांसाठी," तो शेवटी म्हणाला.

"येईन की. सणाला येईन, ऱ्हाईन. तिला सांग, फळी काढू नको."

त्यानं मान हलवली. घड्याळ बघितलं. "आये, हिची गाडी चुकंल. हिला ठेसनावर सोडून येतो."

मडमनं आपले कपडे घातले, त्याच वाटेनं जाऊन तंबू उतरवला आणि झटकला. आतूनसुद्धा जवळा पडला. "बरा वास जाईल हिच्या मुलखापर्यंत," जमुना म्हणाली. मडमला ते कळलं नाही, पण तिनं जमुनाला मिठी मारली, मग पुष्पलताला. पुष्पलतानं सुक्या बोंबलांची पुडी तिच्या पिशवीत कोंबली. मडमनं ती हुंगून बघितली, दचकली, आणि तरीही नीट आत ठेवली.

टेंपोत पिशवी ठेवायची तर पेटी आड येत होती. कमलाकांतनं एका बाजूची कडी धरली आणि ड्रायव्हरला हाक मारणार तेवढ्यात जमुनानं हात लुगड्याला पुसून दुसरी कडी धरली. दोघांनी पेटी उतरवून ओटीवर नेऊन ठेवली. टेंपो धूळ उडवत बोईसरकडे गेला. मडमचा हात वळणापर्यंत बाहेर हलत होता.

पुष्पलता खळ्यात उतरली. सकाळी झाडलेली वाट अजून तशीच कोरडी, मोकळी होती. मागं मागं सरत तिनं दोन्ही बाजूंचा जवळा खराट्यानं हळूहळू वाटेवर ओढायला सुरुवात केली.

"बाय, दमानं!" ओटीवरून जमुना ओरडली. "जवळा माजा हाय तो!"

"जवळा तुजाच," पुष्पलता म्हणाली. "खळं माजं हाय."