सगळं सरांच्या नावावर

होसकोटेच्या त्या कारखान्यात कस्तुरी शिंदे दोन वर्षांनी पाऊल टाकत होती. गेटवरच्या वॉचमननं तिला लगेच ओळखलं. प्रॉडक्शन मॅनेजर सुधींद्र यांनी मात्र तिच्याकडे असं पाहिलं, की जणू ही बाई जन्मात कधी दिसलीच नव्हती.

"नाव काय म्हणालात?"

"कस्तुरी. सॉफ्टवेअर शिकवायला आलेय, सर."

याच माणसानं तिला इथून घालवलं होतं. कारखाना ऑर्डरप्रमाणे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मोठाल्या प्रेस बनवायचा. तेव्हा ती प्लॅनिंगला होती. कुठलं काम कधी सुरू व्हायचं, ते पट्टी-पेन्सिल घेऊन भिंतीवरच्या तक्त्यावर आखायची. एकदा एक मशीन फारच उशिरा गेलं. त्याची ड्रॉइंग्ज मंजुरीसाठी सुधींद्रांच्याच टेबलावर पडून होती, हे सगळ्या खात्याला ठाऊक होतं. पण भरल्या मीटिंगमध्ये ते मालकांना म्हणाले, "या मुलीनं तक्ताच चुकीचा आखला." तिनं तोंड उघडलं, तर "आधी मोठ्यांशी बोलायला शिक" म्हणून गप्प बसवलं. खात्यातलं कुणी चकार शब्द काढला नाही. तिला राजीनामा द्यावा लागला. घरी आईनं विचारलं, "काय चुकवलंस गं?" तो प्रश्न तिला सुधींद्रांच्या बोलण्याहून जास्त झोंबला.

मग तिला शहरात एका सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. संगणकावर कामांची आखणी करायची नवी सोय तेव्हा कारखान्या-कारखान्यांत येऊ लागली होती आणि ती लोकांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. होसकोटेच्या या कारखान्यानंही ते सॉफ्टवेअर घेतलंय असं कळलं, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं ठरत होतं. कस्तुरीनं स्वतः साहेबांना गाठून ते काम मागून घेतलं.

शिकवलं तिनं मन लावून. "कामाचे तुकडे पाडा," ती सांगायची. "प्रत्येक तुकड्याचा एकच धनी. कुठलं संपल्याशिवाय कुठलं सुरू होत नाही, ते जोडा. मग एक लांबलं, की पुढची सगळी सरकलेली पडद्यावर आपोआप दिसतील." डिझाइनमधली रम्या सगळ्यांत आधी तयार झाली. ती घरी मराठी बोलणारी, कस्तुरीला पहिल्यापासून अक्का म्हणायची. सुधींद्रांनी माउसला बोटही लावलं नाही. हाताची घडी घालून ते मागं उभे राहायचे आणि मध्येच म्हणायचे, "खेळणं चांगलं आहे."

मग खरं काम घ्यायची वेळ आली. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची प्रेस पहिल्यांदाच संगणकावर आखायची होती. त्या दिवशी मालक बसवंत स्वतः येऊन बसले.

"ड्रॉइंगची मंजुरी मी दिली तर चालेल," रम्या म्हणाली. "तपासणी वर्कशॉपमधले लोक करतील."

"मंजुरी म्हणजे माझी," सुधींद्र म्हणाले. "ड्रॉइंग, खरेदी, तपासणी, सगळी माझ्या नावावर टाका. माझ्या सहीशिवाय इथं आजवर काही हललेलं नाही."

कस्तुरीनं तसं भरलं. एका माणसावर झेपणार नाही इतकं काम पडलं, की ते सॉफ्टवेअर त्याचं नाव लाल करून दाखवायचं. सुधींद्रांचं नाव पहिल्या आठवड्यापासून शेवटच्या आठवड्यापर्यंत लालभडक झालं. कुठल्याही दुसऱ्या कारखान्यात ती इथंच थांबली असती आणि म्हणाली असती, सर, हे वाटून द्या, नाहीतर सगळं अडेल. शब्द अगदी जिभेवर आले होते. तिनं ते गिळले. कुणाच्या नजरेत यायच्या आत तो लाल भाग पडद्यावरून बंद केला आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही म्हणाल तसं."

त्यानंतर ती दर शुक्रवारी यायची आणि बघायची. दोन ड्रॉइंग्ज अडकली. मग पोलादाची खरेदी अडकली. पडद्यावरच्या कामांच्या पट्ट्या उजवीकडे, पुढच्या तारखांकडे सरकत गेल्या. घरी परतताना बसमध्ये तिला हसू यायचं.

शेवटी मालकांनी सगळ्यांना संगणकासमोर बोलावलं. "हे सरकतंय कुठून?"

कस्तुरी याच क्षणाची वाट पाहत होती. "सर, तुम्हीच दाखवा ना," ती सुधींद्रांना म्हणाली आणि खुर्ची मोकळी करून दिली.

ते बसले. माउस हातात घेतला. पडद्यावरचा बाण सैरावैरा धावू लागला, कोपऱ्यात गेला, दिसेनासा झाला. कुणीतरी खाकरलं. कस्तुरी जागची हलली नाही. अखेर रम्यानं त्यांच्या हातातून माउस घेतला आणि एकेक काम उघडून दाखवलं. प्रत्येक अडलेल्या कामापुढे एकच नाव होतं.

"आखणीच चुकीची केलीय हिनं," सुधींद्र म्हणाले.

"ती तुमच्या तोंडची आखणी आहे," बसवंत म्हणाले. "मी इथंच होतो."

सुधींद्रांना प्रॉडक्शनमधून काढून जुन्या मशीनच्या सुट्या भागांकडे बसवलं. त्यानंतरच्या शुक्रवारी ते तिला आवारात भेटले.

"ओळखलं होतं मी तुला," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

"मला माहीत आहे."

"सगळं अडेल हे आधी सांगायचं होतंस."

"तुम्हीही सांगायचं होतंत, सर. ड्रॉइंग्ज कुणाच्या टेबलावर आहेत ते."

ते वळून चालू लागले. त्यांची वाकलेली पाठ तिनं गोदामाच्या दारापर्यंत पाहिली. डोळे भरून पाहिली.

इकडे प्रेस वेळेवर द्यायची म्हणून सगळा कारखाना रविवारीही राबत होता. देवनहळ्ळीला रम्याच्या भावाचा साखरपुडा होता, तिला जाता आलं नाही. कस्तुरीनं तो लाल भाग पुन्हा चालू केला आणि नव्या मॅनेजरांबरोबर बसून मंजुऱ्या चौघांत वाटून दिल्या. जेवणाच्या सुट्टीआधी ही वाटणी संपली. पट्ट्या मागं आल्या. रम्या शेजारी उभी राहून बघत होती.

"एवढंच होतं?" तिनं विचारलं. "अक्का, हे लाल दिसतं ते... त्या दिवशी तुला दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"आणि तू बोलली नाहीस."

"त्यांनी ऐकलं असतं?"

"त्यांनी नसतं ऐकलं. पण मालक तिथंच बसले होते ना."

मागच्या वेळी तूही गप्पच होतीस, असं कस्तुरीला म्हणावंसं वाटलं. पण रम्या तेव्हा या कारखान्यात नव्हतीच. रम्यानं डबा उचलला आणि एरवी दोघी ज्या टेबलावर जेवायच्या, ते सोडून ती पलीकडे जाऊन बसली.

संध्याकाळी कस्तुरी बसची वाट पाहत उभी होती. पडद्यावर सैरावैरा धावणारा सुधींद्रांचा तो बाण तिनं पुन्हा डोळ्यांपुढे आणला. अजूनही तो तितकाच गोड लागला, आणि याची तिला लाज वाटली नाही. मात्र बस आली तेव्हा, दर शुक्रवारी रम्या बसायची ती शेजारची जागा रिकामी ठेवून ती दाराकडे बघत राहिली. रम्या आली नाही, ती मागच्या बसनं गेली असावी.