पाच घरांचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, बटणांचा मोबाइल आहे. किसुमू शहराच्या बाजारात सुके मासे विकणाऱ्या दोर्कामावशीने मला नऊ वर्षांपूर्वी घेतले. माझ्या बटणांवरचे आकडे पुसले आहेत आणि पाठ रबराने बांधली आहे. नवे फोन मला हसतात. हसोत बापडे!

माणसे यंत्रे कशी वापरतात, याचा अभ्यास करणारे चौघे इथल्या विद्यापीठात होते. हुशार, पण चौघांची तोंडे चार दिशांना. नेरिमा फोनच्या कुलपावर काम करी, किप्रोनो दवाखान्यातून बायकांच्या फोनवर जाणाऱ्या निरोपांवर. त्यांचे प्रमुख ओगुटूसर यांना विद्यापीठाकडून ताकीद आली: शुक्रवारपर्यंत सगळ्यांचा मिळून एक प्रश्न ठरवा, नाहीतर गट मोडू. सरांचे जेवणावरून मनच उडाले.

गुरुवारी चाचणीसाठी मावशीला बोलावले. मला टेबलावर ठेवून चौघे आपापल्या वह्या उघडून बसले. मी फार घाबरलो होतो. तेवढ्यात मी वाजलो.

"अवूर घरी आहे, संध्याकाळी सांगते तिला," मावशी म्हणाली आणि तिने मला परत टेबलावर ठेवले.

"मावशी, फोन तुमचाच ना?" नेरिमाने विचारले.

"माझाच. शेजारच्या अवूरचा पण, तिच्या सासूचा पण. पाच घरांत मिळून हा एकच फोन आहे."

"मग कुलपाचे आकडे?"

"सगळ्यांना पाठ आहेत. मी फोन घरी ठेवून बाजारात गेले, तर उघडणार कोण? मांजर?"

किप्रोनोचा चेहरा पडला. "म्हणजे अवूरताईंना मी पाठवलेले निरोप..."

"आधी सासू वाचते. मोठ्यानं!"

"आणि तुमच्या घरी काय चालतं रे?" मागे बसलेल्या सरांनी चौघांना हळूच विचारले.

चौघे ओशाळले. नेरिमाच्या आईचा फोन तीन मावश्या वापरत. बाकीच्यांकडेही तीच गत. तरी प्रत्येकाने वहीत 'एका फोनचा एक मालक' असेच लिहिले होते!

फळ्यावर एकच प्रश्न लिहिला गेला: एक फोन अनेकांचा असेल, तर ज्याचे गुपित त्याच्याजवळ कसे राहील? चौघांचेही काम त्यात बसले. शुक्रवारी गट टिकल्याचे पत्र आले. सर खुर्चीत मागे टेकले आणि त्यांनी दोन ताटे मासे मागवले. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, कोणासाठी काही बनवायला बसलात, तर त्याच्या घरी कोण कोण आहे ते आधी विचारा. वर्षभराने चौघांनी माझ्यात प्रत्येकीसाठी तिच्याच आकड्यांनी उघडणारा वेगळा कप्पा करून दिला. परवा अवूरने माझ्यावरून दवाखान्याला काहीतरी विचारले. काय विचारले ते सासूला कळले नाही, आणि मी तुम्हालाही सांगणार नाही.