वाडीला पुसट पिक्चर

एका लग्नाच्या व्हिडिओच्या पाच पाच प्रती करायला कुणी सांगितल्या होत्या? पण मनोजला हौस. मुरबाडला त्याचा व्हिडिओचा स्टुडिओ आहे. आमच्या लग्नाचं शूटिंग मित्रांनी केलं, पुढचं सगळं यानं. अंगावरची हळद उतरली नव्हती आणि नवरदेव लॅपटॉपला चिकटला. एक प्रत एकदम स्वच्छ, मग उतरत उतरत शेवटची अगदी हलकी. सगळ्या क्लाउडवर चढवल्या आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकच लिंक पाठवली. ज्याच्या फोनला जसं नेटवर्क, तशी प्रत फोन आपला आपण उचलणार, व्हिडिओ कुणाचाच अडकणार नाही. मला तेव्हा कौतुकच वाटलं.

व्हिडिओ खरंच कुठे अडकला नाही. मुरबाडला आमच्या घरी माझ्या मेंदीतलं पान न् पान दिसायचं. वर डोंगरातल्या माझ्या वाडीत ओट्याच्या एकाच कोपऱ्यात रेंज येते, तीही रुसत-फुगत. तिथे नवरा पांढरा ठिपका आणि मी पिवळा. वाडीचं काही म्हणणं नव्हतं. फोनवर असंच दिसत असेल म्हणून सगळे हौसेनं ठिपके बघत होते. पण आमच्या वाडीचा जीपवाला सुरज मुरबाडला आमच्याकडे चहाला आला, त्यानं तोच व्हिडिओ पाहिला आणि वर जाऊन सांगितलं, "तिकडं तर रविनाची मेंदी दिसते!"

झालं, वाळूमामा पेटला.

मी लहान असताना वडील गेले. आईला आणि मला सांभाळलं ते तिच्या या भावानं. लग्नात मानपानावरून त्यानं चकार शब्द काढला नव्हता. त्याची सगळी कसर आता निघाली. त्यानं थेट मनोजला फोन लावला.

"जावई, मुरबाडला चकचकीत आनि वाडीला पुसट, ह्यो काय मान झाला?"

"मामा, लिंक एकच हाय," मनोज समजावायला बसला. "तुमच्याकडं नेटवर्क कमी ना, म्हणून तुमाला आपोआप कमी क्वालिटीचा येतो."

"आमाला कमी क्वालिटीचा," मामा म्हणाला. "वाडीत नळाला पानी करंगळीएवढं येतं, तेपन आपोआपच म्हनं." आणि फोन ठेवला.

मी मनोजवर भडकले. चुकलं मामा, एवढं म्हणायला जीभ झिजत होती का? तर म्हणतो, पण चूक नाहीच ना माझी! घ्या आता.

फटका बसला मला. लग्नानंतर पोरीला पहिल्यांदा माहेरी न्यायला माहेरचा माणूस, मुराळी, यावा लागतो. माझा मुराळी मामाच. आणि मामा काही येईना. मी आपली आपण गेले असते तर पोरगी भांडून आली, असं वाडीभर झालं असतं. सासरी काही कमी नव्हतं, सासू तर लोण्यासारखी मऊ, पण भाकरी थापता थापता माझे डोळे भरायचे. आई फोनवर म्हणायची, "करवंदं सरत आली गो."

मनोजनं पेन ड्राइव्हमध्ये स्वच्छ प्रत भरून सुरजच्या हाती पाठवली. मामानं न बघताच ती परत धाडली. म्हणे, चांगला होता तर आधी लपवला कशाला?

एका सकाळी सुरजचा फोन आला. "मामा भाताचं बियाणं घ्यायला आलाय. स्टँडवर बसलाय, तुमच्याकडं येत नाय बोलतो."

मी पिठाचे हात पदराला पुसतच निघाले. मनोजला म्हटलं, "चला. आनि तिथं तोंड उघडायचं नाय."

मामा एसटी स्टँडच्या बाकावर बसला होता. मला बघून त्यानं मान फिरवली. शेजारी पळसाच्या पानात बांधलेली करवंदं होती, सुरजच्या हाती मला पाठवायला आणलेली. असला रुसवा आमच्या मामाचा.

"मामा, तुझा फोन काढ. लग्नाचा व्हिडिओ लाव."

"पाह्यलाय मी."

"इथं लाव."

त्यानं लावला. आधी ठिपकेच आले. "बघ!" असं तो म्हणतोय तोवर पडदा झटकन स्वच्छ झाला. मांडव, आंब्याची पानं, माझी मेंदी, सगळं लख्ख.

"आरं!" मामानं फोन नाकाशी नेला. फोन त्याचाच, लिंकही तीच. मनोज खुलून सांगायला जाणार, तोच मी त्याच्या पायावर पाय दिला.

मग मंगलाष्टकं सुरू झाली. पुढचं मला पाठ होतं. माझ्यामागे मामा उभा होता. वाडीच्या पिक्चरमध्ये तो नुसता एक ताठ ठिपका. इथे तो उपरण्याचं टोक तोंडात कोंबून ढसाढसा रडत होता, नाक वाहत होतं आणि कुणीतरी बाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. आणि यानं वाडीभर सांगून ठेवलं होतं, रडली ती माझी बहीण गोदू, वाळू नाय!

मामानं ते शेवटपर्यंत पाहिलं. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, ते पाहून घेतलं. फोन खिशात घातला आणि उगाच खाकरला.

"पिशवी भर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "दुपारच्या गाडीनं जाऊ. आई वाट बघते तुजी."



"आनि जावई," मामानं आवाज खाली आणला, "वाडीला त्यो पुसटच पाठवत जा."

मनोजनं मोठा श्वास घेतला. "मामा, त्याचं असं हाय, मी नाय पाठवत, नेटवर्क जसं असेल तसं..."

मी फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"हो मामा," तो म्हणाला. "पुसटच पाठवतो."

मी करवंदं उचलली आणि पिशवी भरायला घराकडे पळत सुटले.