टायपिस्टबाईंचा कीबोर्ड

“चार, सात, शून्य,” साहेब काचेच्या केबिनमधून आकडे सांगत होते, “दोन, नऊ, एक. मारले का?”

“मारले, साहेब.”

“आता एंटर दाबा.”

टायपिस्टबाईंनी एंटर दाबलं. कीबोर्डच्या कडेचा निळा दिवा इतका वेळ डोळा मारत होता, तो स्थिर झाला.

“लागला बघा,” आतून आवाज आला. “एवढं सोपं असतं. उगाच घाबरता तुम्ही.”

लागला होता खरा. पण कशाला लागला, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात आदल्या दिवशीच नवी यंत्रणा बसली होती. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, कशालाच वायर नाही. सगळं ब्लूटूथवर. बसवणाऱ्या माणसाने साहेबांचा संगणक तेवढा जोडून दिला आणि बाहेरच्या टेबलावर खोकं ठेवून तो निघून गेला. खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं, कीबोर्डच्या पोटाखालचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. बाईंनी ते सकाळी दहा वाजता दाबून धरलं. नेमकं त्याच वेळी केबिनमधल्या संगणकाने साहेबांना विचारलं, जवळपास एक कीबोर्ड सापडला आहे, जोडायचा का? साहेबांचा स्वभाव असा, की फाइलवर सही करायला चार दिवस लावतील. पण स्क्रीनवर ‘हो’ आणि ‘नाही’ दिसलं, की न वाचता ‘हो’. मग संगणकाने जे आकडे कीबोर्डवर मारायला सांगितले, ते साहेबांनी मदत म्हणून बाईंना ओरडून सांगितले.

बाईंना ब्लूटूथ अगदीच नवं नव्हतं. गेल्याच रविवारी सुनेने त्यांना फोन स्पीकरला जोडायला शिकवलं होतं. “आई, यादीत नाव दिसेल, त्यावर बोट ठेवा, बस.” बाईंनी बोट ठेवलं आणि बहिणीला फोन लावून वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या गाण्याच्या रियाजाबद्दल अर्धा तास मन मोकळं केलं. फोन कानाला लावूनही बहिणीचा आवाज काही येईना. तो वरच्या मजल्यावरच्या स्पीकरमधून येत होता. “अगं, मग तिला सांग ना तोंडावर,” हे वाक्य तर साऱ्या जिन्याने ऐकलं. तेव्हापासून रियाज बंद होता आणि बाई जिन्याने जाता-येता पावलं न वाजवता चालत होत्या.

आज मात्र चूक करून चालणार नव्हतं. मुख्य कार्यालयातून तपासणीला एक पाहुणे आले होते आणि साहेबांच्या खणात त्यांना द्यायचं एक पत्र तयार होतं. टंकलेखकाचं पद कमी करून बाईंना तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत पाठवावं, असं त्यात लिहिलं होतं. कारण, ‘नवीन यंत्रणा आत्मसात करण्यास असमर्थ’. बाईंना हे पाठ होतं, कारण पत्र त्यांनीच टाइप केलं होतं. साहेबांनी कच्चा कागद नेहमीसारखा टेबलावर ठेवला, बाईंनी नेहमीसारखा उचलला, आणि दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की ही असमर्थ बाई म्हणजे आपणच.

पाहुणे केबिनमध्ये साहेबांशेजारी बसून स्क्रीनवर वार्षिक अहवाल बघू लागले. इकडे बाईंनी नव्या कीबोर्डवर क, ख, ग मारून पाहिलं. समोरची स्क्रीन कोरीच्या कोरी. पुन्हा मारलं. काही नाही. दिवा तर छान जळत होता.

कुणाला विचारायची सोय नव्हती. विचारलं, की पत्र खरं ठरलं. आणि काचेतून साहेब अधूनमधून बाहेर बघत होते. बाईंची स्क्रीन भिंतीकडे होती, ती त्यांना दिसत नव्हती. हात मात्र दिसत होते. तेव्हा हात चालू ठेवणं भाग होतं. बाईंनी पाठ सरळ केली आणि कोऱ्या स्क्रीनकडे बघत टाइप करायला सुरुवात केली.

पण त्यांच्या बोटांना वेडंवाकडं मारायची सवय नव्हती. सत्तावीस वर्षांत त्यांनी अर्थ नसलेली ओळ कधी टाइप केली नव्हती. अर्थ नसलेली पत्रं केली होती, पण ती साहेबांची. मग बोटांनी जे मनात होतं तेच उचललं. कोरी स्क्रीन कुणाला काय सांगणार आहे, असं म्हणून बाईंनीही त्यांना अडवलं नाही.

हळूहळू त्यांना बरं वाटू लागलं. वेगही आला. मधे त्यांनी काचेतून पाहिलं, तर साहेब स्वतःच्या कीबोर्डवरून दोन्ही हात उचलून खुर्चीत मागे रेलले होते आणि पाहुणे चष्मा चढवून स्क्रीनवर वाकले होते. अहवाल आवडलेला दिसतोय, बाईंना वाटलं. शिपाईमामा चहा घेऊन आत गेले, ते ट्रे हातात धरून तिथेच उभे राहिले. पाहुण्यांचे खांदे हलत होते. अहवालात हसण्यासारखं काय असावं, हे बाईंना कळेना. त्यांनीच तर तो टाइप केला होता.

पाच मिनिटांनी मामा बाहेर आले. बाईंच्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाले, “ताई, जरा सावकाश मारा. पाहुण्यांचं वाचून होत नाही.”

“काय वाचून होत नाही?”

“तुम्ही लिहिताय ते. सगळं तिकडं उमटतंय.”

बाईंची बोटं जिथल्या तिथे थांबली.

“सगळं?”

“अगदी पहिल्यापासून. कखगसुद्धा.”

तेवढ्यात आतून साहेबांचा आवाज आला, “बाई, जरा आत या.”

दारापासून खुर्चीपर्यंत सहा पावलं होती, पण बाईंना ती संपता संपेनात. स्क्रीनवर अहवालाचं शेवटचं पान होतं. ‘या कार्यालयातील सर्व कर्मचारी नवीन यंत्रणेबाबत समाधानी असून’ इथपर्यंत अहवाल होता आणि तिथून पुढे बाई होत्या.

‘कखग कखग हा कीबोर्ड मेला आहे की जिवंत, कळत नाही. पण कुणाला विचारणार नाही. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं मारली. सहा साहेब झाले. पहिल्यांना स्वल्पविराम माहीत नव्हता. दुसऱ्यांना माहीत होता, पण आवडत नव्हता. हे साहेब ‘कृपया’ सगळीकडे घालतात, कृपा कुठेच करत नाहीत. मी असमर्थ आहे हे पत्र मीच मारलं. त्यांनी ‘आत्मसाथ’ लिहिलं होतं, ते मी ‘आत्मसात’ केलं. तळघरात ओल आहे. तिथे बसायला हरकत नाही, पण जाताना कुणी निदान’

तिथे मजकूर तुटला होता. मामा नेमके तिथे आले होते.

पाहुण्यांनी डोळे पुसले. “हे सगळं तुम्ही न बघता टाइप केलंत?”

“बघायला होतंच काय, साहेब? स्क्रीन कोरी होती.”

“मी वाचतोय मघापासून. एक चूक सापडेना.”

बाई सवयीने वाकल्या. “आहे. ‘सहा’च्या पुढे एक जागा जास्त पडलीय.”

पाहुणे पुन्हा हसले. साहेब हसले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले, “आत्मसात. मी थ लिहिला होता?”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. कच्चा कागद अजून त्यांच्या फायलीत होता. आणून दाखवता आला असता.

“घाईत लिहिलं असेल, साहेब. घाईत होतं कुणाचंही.”

साहेबांनी मान खाली घातली. पाहुणे चष्मा खिशात ठेवत म्हणाले, “टंकलेखकांची पदं जाणारच आहेत, बाई. सगळीकडे जातायत. ते माझ्या हातात नाही, यांच्याही नाही. पण माणसाला कुठं बसवायचं, ते पत्र बघून ठरतं.” मग साहेबांकडे वळून, “पत्र तयार आहे म्हणाला होतात ना?”

साहेबांचा हात खणाकडे गेला आणि परत आला.

“व्हायचंय अजून,” ते म्हणाले. “जेवणानंतर देतो.”

पाहुणे जलशुद्धीकरणाची टाकी बघायला मामांबरोबर गेले. बाईंनी स्वतःच्या टेबलाशी येऊन कीबोर्ड उलटा केला, पोटाखालचं बटण दाबून धरलं. तिकडे साहेबांनी आपल्या संगणकावरून तो काढून टाकला. या वेळी त्यांनी दोनदा वाचलं आणि मगच बटण दाबलं. बाईंनी आपल्या स्क्रीनवर यादी उघडली. यादीत साहेबांचा फोन होता, मामांचा फोन होता, प्रिंटर होता आणि सगळ्यांत खाली त्यांचा कीबोर्ड. त्यांनी त्यावर बाण नेला. सहा आकडे आले. ते कुणीही ओरडून न सांगता त्यांनी मारले. मग एक क मारला. समोर क आला.

साहेब कधी येऊन टेबलापाशी उभे राहिले, ते त्यांना कळलं नाही. हातात कच्चा कागद नव्हता.

“तोंडीच सांगतो,” ते म्हणाले. “घ्या. टंकलेखकाचं पद कमी झाल्यास, स्वल्पविराम,” ते थांबले. “येतो ना इथं?”

“येतो.”

“सदर कर्मचाऱ्यास याच कक्षात संगणकावर काम देण्यात यावे. सदर कर्मचारी...” ते खिडकीकडे बघत राहिले. “सदर कर्मचारी नवीन यंत्रणेवर व्यवस्थित काम करीत आहे. बास. एवढंच.”

बाईंनी टाइप केलं. ‘काम करीत आहे’ इथे आल्यावर त्यांचं बोट क्षणभर थांबलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी चुका काढल्या होत्या, पण साहेबांनी सांगितलेल्या मजकुरात स्वतःचं अक्षर कधी घातलं नव्हतं. त्यांनी एक त मारला.

प्रिंटर भिंतीपाशी आपला आपण घुरघुरला. साहेबांनी कागद उचलून उभ्या उभ्याच वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडली. ‘सदर कर्मचारी नवीन यंत्रणेवर व्यवस्थित काम करीत आहेत.’ त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई कीबोर्डवरची धूळ पदराने पुसत होत्या. नव्या कीबोर्डवर धूळ नव्हती.

साहेबांनी पेन उघडलं आणि सही केली.